खिळ्यावरचा पट्टा

१

आउने लेहतिसारी रविवारी सकाळी पावणेआठला सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत जमिनीवर सापडली. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ निळे, जीभ मात्र शाबूत. शेजारच्या सिल्वीनं दार ढकलून आत डोकं घातलं, तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "तुला इथं पाय ठेवू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?"

चौदा तास ती तशी पडून होती. सौनाची भट्टी शनिवारी पेटवलेली होती आणि भट्टीचे दगड लवकर निवत नाहीत, म्हणूनच ती वाचली. मार्च महिना होता आणि बाहेर तळ्यावर अजून हातभर जाडीचा बर्फ होता.

माणूस पडलं की आपोआप मदत बोलावणारा पट्टा तिच्या मनगटावर असायला हवा होता. तो नव्हता. तिच्यापासून दोन हातांवर, भिंतीच्या खिळ्याला, टॉवेलशेजारी तो नीट टांगलेला होता.

ज्यानं त्यानं हे ऐकलं आणि मान हलवली. उत्तरेकडच्या त्या थंड देशात सौनात जाताना माणूस घड्याळ काढतो, अंगठी काढतो, गळ्यातली साखळी काढतो, नाहीतर कातडी भाजते. हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही. म्हातारीनं पट्टा काढला, आत गेली, बाहेर येताना पडली. संपला विषय.

हिलेवी सोर्साचा मात्र विषय संपला नव्हता. तो पट्टा तिनंच निवडून दिला होता.

हिलेवी एकोणसाठ वर्षांची होती. आयुष्याची बावीस वर्षं तिनं पोलीस ठाण्यात लोकांचे जबाब टाइप करण्यात घालवली होती. खोटं बोलणारा माणूस कुठं जास्त तपशील देतो आणि कुठं एकदम गप्प होतो, हे तिच्या बोटांना पाठ झालं होतं. आता ती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन असली यंत्रं दाखवायची, निवडून द्यायची आणि बसवायची. स्वभाव पहिल्यापासून तिखट होता आणि वयानं तो निवळला नव्हता.

सोमवारी सकाळी नऊला वृद्धसेवा विभागातल्या पियाचा फोन आला.

"बुधवारी एकला हॉस्पिटलमध्ये बैठक आहे. आउने घरी जाणार की वृद्धाश्रमात, ते ठरेल. मुलं म्हणतात, घरी नको. पट्टा काढून ठेवणारीला एकटं कसं ठेवायचं? तुझ्याकडून एक ओळ हवी. 'दिलेला पट्टा वापरत नव्हत्या.' एवढंच लिही."

"लिहिली की घर गेलं?"

"मी काही म्हाताऱ्यांची वैरीण नाही, हिलेवी. पण वापरत नव्हत्याच ना?"

हिलेवीनं फोन ठेवला आणि पट्ट्यानं मदत केंद्राला पाठवलेल्या नोंदी पडद्यावर काढल्या. शनिवारी पाच बेचाळीसला 'पडल्याची सूचना' आली होती. पाच त्रेचाळीसला ती रद्द झाली होती. रद्द करायला पट्ट्यावरचं बटण दहा सेकंद दाबून धरावं लागतं. केंद्रातल्या माणसानं 'पट्टा हातातून पडला असावा' असं लिहून नोंद मिटवली होती आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

तिनं त्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. मग शेवटचा रकाना उघडला. पट्टा स्वतःचं तापमान टिपतो, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. पाच ते पावणेसहाच्या दरम्यान पट्टा तीन वेळा अठ्ठावन्न अंशांपर्यंत तापला होता आणि तीन वेळा उतरला होता. त्यानंतर तो खोलीइतकाच कोमट राहिला होता, थेट रविवारपर्यंत.

खिळ्याला टांगलेला पट्टा स्वतःच्या पायानं तीनदा वाफेत जाऊन येत नाही. तो आउनेच्या हातावर होता. ती पडली तेव्हाही होता. मोडलेल्या खुब्यानं उठून तो खांद्याइतक्या उंच खिळ्याला टांगणं तिला शक्य नव्हतं. म्हणजे म्हातारी जमिनीवर पडलेली असताना त्या खोलीत दुसरं माणूस होतं.

२

"मीच काढला," आउने म्हणाली.

हॉस्पिटलच्या खाटेवर ती आणखीच लहान दिसत होती. आवाज तेवढा होता तसाच होता.

"कधी?"

"आत जायच्या आधी."

"मग पट्टा वाफेत कोण घेऊन गेलं?"

"तुम्ही माझ्या पट्ट्याचा ताप मोजता का आता? माझा मोजायला इथं नर्स आहेत. तुम्ही निघा."

हिलेवी हलली नाही. तिला सप्टेंबरमधली दुपार आठवत होती. आउनेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं तीन यंत्रं मांडली होती. एक गळ्यात अडकवायचं, एक घड्याळासारखं दिसणारं आणि एक जाडजूड, काळा, दिसायला कुरूप पट्टा. समोर मुलगा रेइयो आणि मुलगी मार्युत बसले होते. मार्युतला गळ्यातलं हवं होतं, कारण ते हलकं होतं.

"मी गाय आहे का, गळ्यात घंटा बांधायला?" आउनेनं विचारलं होतं.

"तुझ्या काळजीनं मला झोप लागत नाही आणि तुला थट्टा सुचते!" मार्युत ताडकन उठली होती आणि गाडी काढून थेट ताम्पेरे शहरातल्या आपल्या घरी निघून गेली होती.

ती गेल्यावर आउनेनं विचारलं होतं, "यातलं सौनात कुठलं चालतं? माझी बहीण सौनात पडून गेली. जिथं पडायचं तिथंच काढून ठेवायचं असेल, तर हे तिन्ही तळ्यात टाका." वाफ सोसणारा एकच होता, तो काळा. रेइयोचा विश्वास बसेना. त्यानं भट्टी पेटवली आणि पट्टा स्वतःच्या मनगटावर चढवून तीन वाफा घेऊन आला. "मी भाजलो, हा नाही भाजला," असं म्हणत त्यानं तो टेबलावर आदळला होता. मग हिलेवीनं स्वतःच्या हातानं तो आउनेच्या मनगटावर बसवला होता. सांधे धरलेल्या बोटांनी आउनेला ती कडी जमत नव्हती आणि त्यावरूनही तिनं हिलेवीलाच झापलं होतं.

"ऐका," हिलेवी आता म्हणाली. "तुम्ही पट्टा काढला होता असं मी लिहिलं, तर तुम्ही घरी जाणार नाही. तळं नाही, सौना नाही. भिंतीला हिरवा रंग दिलेली एक खोली आणि चार वाजता रात्रीचं जेवण."

आउनेनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"गेलं तर गेलं."

सप्टेंबरमध्ये हीच बाई म्हणाली होती, की मला या घरातून काढायचं तर दाराच्या चौकटीसकट काढा. आता तिनं ते घर तीन शब्दांत सोडून दिलं होतं. ज्याच्यासाठी सोडलं, ते माणूस कोण?

३

सिल्वी पानानेन शहात्तर वर्षांची होती. तिनं हिलेवीला दारातच उभं ठेवलं.

"मी पाडलं नाही तिला. पाडायचं असतं तर पंधरा दिवसांपूर्वी बर्फावरच पाडलं असतं."

"पंधरा दिवसांपूर्वी काय झालं?"

"माझं जाळं गेलं! बर्फाखाली माशांसाठी लावलेलं, नवं कोरं. तिच्या लेकानं, त्या रेइयोनं, यंत्रानं बर्फाला भोक पाडताना माझी दोरी कापली. मी बोलले, तर मलाच म्हणते, तुझं जाळं आमच्या वाटेत का आलं? वर म्हणते, माझ्या सौनात पुन्हा पाय ठेवू नकोस. बावीस वर्षं, बावीस! दर शनिवारी ती पाचला सुरू करते, मी सहाच्या ठोक्याला जाते. शेवटच्या दोन वाफा आम्ही एकत्र घेतो, मग कॉफी. गावातले लोक मला बघून घड्याळ लावतात. आणि ही मला हाकलते!"

"म्हणून या शनिवारी तुम्ही गेला नाहीत."

"नाही गेले. मागच्या शनिवारीही नाही गेले. तिनं फोन करून बोलवायला हवं होतं. मी खिडकीत बसून धूर बघत होते." सिल्वीचा आवाज अडखळला आणि त्याचा तिला राग आला. "बघताय काय? मी नुसती बसले होते आणि ती तिथं पडली होती. हेच लिहा तुमच्या कागदावर."

"सौनात तिच्या हाताला पट्टा असायचा?"

"असायचा म्हणजे? तो काळा भोपळा हातात घालूनच वाफ घ्यायची. मी हसायचे तिला."

"तुमचं भांडण झालंय, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"रेइयोसमोरच झालं की. तिसऱ्या कुणाला ती सांगायची नाही. मला तोंडावर वाटेल ते बोलते, पण फोनवर सगळ्यांना एकच पालुपद, सगळं ठीक आहे."

हिलेवी निघाली, तेव्हा सिल्वीनं मागून हाक मारली.

"एक सांगायचं राहिलं. रविवारी घराच्या धुराड्यातून धूर दिसेना म्हणून मी गेले, तेव्हा ती घोंगडीखाली होती. बाकावरची लोकरी घोंगडी. तिनं ओढून घेतली असेल म्हणावं, तर तिचे पाय गुंडाळलेले होते. दोन्ही पावलांच्या खाली कड नीट दुमडून खोचलेली. खुबा मोडलेल्या बाईला स्वतःच्या पावलांपर्यंत हात पोचवता येतो का हो?"

येत नाही, हे दोघींना ठाऊक होतं. चौदा तास मरायला सोडणाऱ्यानं जाण्याआधी तिच्या पायांना थंडी लागू नये म्हणून काळजी घेतली होती.

४

रेइयो गावाच्या टोकाला यंत्रं दुरुस्त करायचा. हिलेवी आत शिरली, तेव्हा तो एका ट्रॅक्टरच्या पोटाखाली होता आणि बाहेर यायची त्याला घाई नव्हती.

"घर विकायचंय मला," तो खालूनच म्हणाला. "सगळ्या गावाला माहीत आहे. तळ्याकाठची जागा आहे, तुकडे पाडून सुट्टीच्या घरांना जाईल. झालं समाधान? पळा आता."

"शनिवारी संध्याकाळी कुठं होतास?"

"बर्फावर. एकटा. साक्षीला तीन मासे होते, ते खाल्ले मी."

"मग तुझ्यावर संशय घ्यायला अगदी सोपं आहे."

रेइयो बाहेर आला. तोंड काळं, डोळे लाल. तो हिलेवीपेक्षा दीड फूट उंच होता आणि ते तिला जाणवावं असाच तो जवळ येऊन उभा राहिला.

"घ्या की. बुधवारी एक ओळ लिहिली तर मला हवं तेच होणार आहे, म्हणजे मीच केलं, असंच ना? पण डोकं चालवा जरा. तो पट्टा घालून सौनात कोण बसलं होतं? मी. तुमच्या नाकासमोर. मला माहीत होतं ती तो आत घालते. मला माहीत होतं, तुम्हालाही ते माहीत आहे. मग मी तो खिळ्याला टांगेन? पहिल्या मिनिटाला पकडला गेलो असतो. मी एवढा गाढव आहे का?"

"तेवढा नाहीस," हिलेवीनं कबूल केलं. त्यात तिला आनंद वाटला नाही. "शनिवारी सिल्वी येणार नाही, हेही तुला माहीत होतं."

"माझ्यामुळंच तर सगळं झालं. तिची दोरी मी कापली."

"रेइयो, आईच्या अंगावर घोंगडी होती. पायांखाली कड दुमडून खोचलेली. दोन्ही पावलांना."

तो हातातला पाना पुसत होता. पुसणं थांबलं. लहानपणी त्या घरात हिवाळ्याच्या संध्याकाळी आई दोन्ही मुलांचे पाय तसेच खोचून ठेवत असे, हे त्यानं सांगितलं नाही, पण त्याचा चेहरा एकदम पोरासारखा झाला आणि हिलेवीनं तो पाहिला.

"निघा," तो म्हणाला. या वेळी आवाजात दम नव्हता. "आणि बुधवारी ती ओळ लिहून टाका. माझी विनंती समजा. सगळ्यांच्याच भल्याचं होईल."

आयुष्यात कधी विनंती न केलेला माणूस विनंती करत होता, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

५

मार्युत हॉस्पिटलच्या उपाहारगृहात भेटली. सत्तावन्न वर्षांची, शाळेत शिकवणारी, नीटनेटकी. तिनं घरी भाजलेले वेलदोड्याचे गोड पाव डब्यातून आणले होते आणि एक हिलेवीच्या पुढ्यात ठेवला. डोळे रडून सुजले होते. ते रडणं खोटं नव्हतं.

"तुम्हाला दोष देत नाही मी," ती म्हणाली. अशी सुरुवात करणारी माणसं पुढं काय करतात, ते हिलेवीला माहीत होतं. "पण मी गळ्यातलं घ्या म्हणत होते. हलकं होतं. तुम्ही तिच्या हट्टाला मान दिलात आणि हा राक्षसी पट्टा दिलात. कोण घालेल? सौना आला की काढणारच. आणि म्हातारी माणसं सौनातच पडतात, हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. तुमचा धंदा आहे ना तो?"

"शनिवारी तुम्ही कुठं होता?"

"घरी, ताम्पेरेत. चारला तिला फोन केला, रोज करते. 'सगळं ठीक आहे' म्हणाली. आठला पुन्हा केला, उचलला नाही."

"मग?"

"मग काय? ताम्पेरेहून दीड तास लागतो. वाटलं, झोपली असेल."

"तुम्ही तिच्याबरोबर सौनात जात नाही?"

"सप्टेंबरपासून त्या सौनात पाय ठेवला नाही मी," मार्युत मान ताठ करून म्हणाली. "त्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर माझी थट्टा केली. येते, कॉफी घेते, घर पुसून देते आणि जाते. तेव्हा तिथं काय घडलं, ते मला विचारू नका. सिल्वीला विचारा! दर शनिवारी सहाला घड्याळ लावल्यासारखी येते. मग याच शनिवारी का आली नाही? ती आली असती तर पंधरा मिनिटांत आई सापडली असती. पंधरा मिनिटांत! चौदा तास नाही. हे कुणीच कसं विचारत नाही त्या बाईला?"

शेवटची वाक्यं ती जवळजवळ ओरडली. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा चमचा हातात धरून थांबला.

हिलेवीनं पाव न खाता परत सारला. आउने पावणेसहाला पडली, हे नोंदींच्या बाहेर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सिल्वी सहाला येणार आणि पंधरा मिनिटांत आई सापडणार, हा हिशेब शनिवारी त्या खोलीत उभं राहूनच कुणी केला असेल तरच जमणार होता. तिला हवं ते मिळालं होतं. पण उद्या एक वाजता खाटेवरची ती हट्टी बाई पुन्हा 'मीच काढला' म्हणणार होती, आणि तिच्या शब्दापुढं हिलेवीचं अनुमान कोण ऐकणार होतं?

६

बैठकीच्या खोलीत पाच जण होते. कागद घेऊन बसलेली पिया, भिंतीला टेकून उभा रेइयो, हातात रुमाल घेतलेली मार्युत, चाकाच्या खुर्चीत आउने आणि हिलेवी. सिल्वी बाहेर बाकावर बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि ती कुणाच्या सांगण्यानं उठणारही नव्हती.

"एक ओळ," पिया म्हणाली. "लिहिलीस?"

"नाही." हिलेवीनं तापमानाचा कागद टेबलावर टाकला. "पट्टा तीनदा वाफेत गेला. आउने पडली तेव्हा तो तिच्या हातावर होता. सूचना गेली. एका मिनिटात ती रद्द झाली, पट्टा निघाला आणि खिळ्यावर गेला. कुणीतरी काढला."

"मीच काढला," आउने म्हणाली.

"थांबा. कुणी काढला, ते मी सांगणार नाही. कुणी काढला नाही, ते सांगते. ज्यानं टांगला, त्याला वाटलं, लोक म्हणतील सौनाआधी काढून ठेवला. म्हणजे हा पट्टा आत चालतो, हे त्याला माहीत नव्हतं. सिल्वीला माहीत होतं, ती शेजारी बसून त्याला हसायची. रेइयोला माहीत होतं, तो स्वतः घालून बसला होता."

रेइयो जमिनीकडे बघत होता.

"दुसरं. त्या माणसानं तिला मरायला सोडलं नव्हतं. पाय गुंडाळून ठेवले होते. त्याची खात्री होती, की सहाच्या ठोक्याला सिल्वी येईल, म्हातारी सापडेल, पट्टा खिळ्यावर दिसेल आणि मग हिला घरी ठेवा म्हणायला कुणाला तोंड उरणार नाही. पंधरा मिनिटांचा खेळ. पण सिल्वी येणार नव्हती. भांडण झालं होतं. हेही सिल्वीला आणि रेइयोला माहीत होतं." ती थांबली. "या दोन्ही गोष्टी माहीत नसलेलं माणूस एकच आहे."

मार्युतच्या हातातला रुमाल हलायचा थांबला.

"बास!" आउनेनं खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "माझ्या घरात काय झालं ते मला माहीत की हिला? मीच काढला, मीच टांगला, मग आठवण झाली म्हणून पुन्हा... ते काय ते. मी म्हातारी आहे, माझं डोकं चालत नाही. लिहा तिथं, डोकं चालत नाही. आणि टाका मला त्या हिरव्या खोलीत."

"ठीक आहे," हिलेवी म्हणाली. तिनं पिशवीतून काळा पट्टा काढला, आउनेच्या डाव्या मनगटावर गुंडाळला आणि कडी बसवली. "तुम्हीच काढला ना? मग आता काढून दाखवा."

"हिलेवी, हे काय चाललंय?" पिया म्हणाली.

"काढू द्या."

आउनेनं उजवा हात पट्ट्यावर नेला. सांध्यांवर गाठी आलेली बोटं कडीवर टेकली आणि घसरली. पुन्हा टेकली, पुन्हा घसरली. तिनं नख घालून पाहिलं. तळवा टेबलाच्या कडेला दाबून पाहिला. कपाळावर घाम आला. ती थांबत नव्हती. शेवटी तिनं मनगट तोंडाजवळ नेलं आणि दातांनी कडी ओढायला लागली.

"आई, पुरे."

मार्युत उभी होती.

"पुरे. सोड ते. मी काढला."

"खाली बस," आउने पट्टा दातांत धरूनच म्हणाली.

"मी काढला," मार्युत पियाकडे वळून म्हणाली. आता तिला थांबवणं शक्य नव्हतं. "तिला समजवायला गेले होते, न सांगता. घराच्या पलीकडच्या अंगाला गाडी लावली आणि आतून आवाज आला. जमिनीवर पडली होती. पट्टा वाजत होता. म्हणाली, बंद कर ते, मी उठते. मी बंद केला. हात दिला तर म्हणाली, तुला कुणी बोलावलं? जा घरी, मला कुणाची गरज नाही. जमिनीवर पडून! गरज नाही! बारा वर्षं मी फोन उशाशी घेऊन झोपते. शाळेत शिकवताना खिशात फोन वाजला की हातपाय गळतात. आणि तिला गरज नाही. मग मी म्हटलं, ठीक आहे. पंधरा मिनिटं पड. सिल्वीला सापडू दे. लोकांना बघू दे. वाटलं, सौनातून बाहेर आल्यावर तिनं पट्टा पुन्हा घातला असेल, म्हणून तो काढून खिळ्याला टांगला. खुबा मोडलाय हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं."

"आठला फोन उचलला नाही तेव्हा?" हिलेवीनं विचारलं.

"वाटलं, सिल्वीनं दवाखान्यात नेलं असेल. विचारणार कुणाला? विचारलं असतं तर मला कसं कळलं, हे सांगावं लागलं असतं." ती खुर्चीत बसली. "भित्री आहे मी. रात्रभर फोनकडे बघत बसले."

"तुला हे माहीत होतं," हिलेवी रेइयोला म्हणाली.

"पायांवरून कळलं," तो म्हणाला. मग बहिणीकडे न बघता, "चौदा तास, मार्युत. मी तोंडावर म्हणतो, घर विकणार. तू पाव घेऊन येतेस."

मार्युतनं हातातला रुमाल चुरगळला.

पियानं समोरचा कागद उलटा केला, मग सरळ केला. "पोलिसांना कळवायचं का, ते नंतर बघू. पट्टा हातावर होता, आणि तो निघाला नसता तर वीस मिनिटांत मदत पोचली असती. खुबा बरा झाला की आउने घरी जातील. मी तसं लिहिते."

आउनेनं मनगट खाली घेतलं. दात ओढून ओढून तिच्या ओठाला रक्त आलं होतं. ते तिनं बाहीनं पुसलं आणि हिलेवीकडे असं पाहिलं, की हिलेवीलाही क्षणभर आपण बरोबर केलं का, असा प्रश्न पडला. म्हातारीला तिचं घर परत मिळालं होतं. त्यासाठी तिनं जे झाकून ठेवलं होतं, ते टेबलावर उघडं पडलं होतं.

"काढा हा," ती हिलेवीला म्हणाली.

हिलेवीनं कडी उघडली. आउनेनं पट्टा हातात घेतला, वजन तोलावं तसा धरला आणि चाकाची खुर्ची स्वतःच ढकलत मार्युतसमोर नेली. पट्टा तिच्या मांडीवर टाकला आणि डावं मनगट पुढं केलं.

"काढता आला ना? आता बांध."

मार्युतनं पट्टा उचलून मनगटाभोवती गुंडाळला. कडी एकदा सटकली, दोनदा सटकली. रेइयो एक पाऊल पुढं आला, तेव्हा आउनेनं दुसऱ्या हातानं त्याला जागीच थांबवलं. तिसऱ्यांदा कडी बसली.

"घट्ट कर अजून," आउने म्हणाली. "आणि बाहेर ती सिल्वी बसलीय, तिला आत बोलाव. जाळ्याचं बोलायचंय मला."